अबोल्यापेक्षा सामना बरा

दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकलं की दुपारी आमच्या तालुक्याच्या गावात शाळेमागच्या मैदानावर फुटबॉलचा सामना होतो. मोंढ्याची, म्हणजे धान्यबाजाराकडची, पोरं आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचे टी-शर्ट घालून अर्जेंटिना होतात, स्टेशनाकडची पिवळे घालून ब्राझील. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला आठवत नाही. चौकातल्या बॅनरवर 'मैत्रीपूर्ण सामना' असं लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी या मैत्रीत एकाचा पुढचा दात गेला, दोघांचे मामा मैदानात उतरले आणि लाइनमनचा झेंडा काठीसकट मोडला.

म्हणून यंदा जाणत्या मंडळींची बैठक बसली. सामना बंद करावा, आणि करायचाच असेल तर दोन्हीकडची पोरं मिसळून दोन संघ पाडावेत, एकाचं नाव 'एकता', दुसऱ्याचं 'बंधुता', असा एकंदर सूर निघाला. माझं खत-बियाण्याचं दुकान मोंढ्यात आणि घर स्टेशनाकडं, म्हणून मलाही बोलावणं होतं. तिथं मी फारसं बोललो नाही. चहा घेतला आणि आलो. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून हे लिहितोय.

सामना व्हावा. याच दोन संघांत व्हावा आणि याच मैदानावर व्हावा. दाखला मी त्याच दोन देशांचा देणार आहे, कारण बैठकीत एक गृहस्थ मोठ्या तळमळीनं म्हणाले, "तिकडं बघा, ते लोक कसे खेळीमेळीनं खेळतात!"

खेळीमेळीनं! 1914 च्या सप्टेंबरात ब्वेनोस आयरेसला हे दोन देश पहिल्यांदा समोरासमोर आले. तो सामनाही मैत्रीपूर्णच होता. अर्जेंटिनानं 3-0 नं जिंकला. आठवड्याभरानं पुन्हा खेळले आणि ब्राझीलनं 1-0 नं फेड केली. त्या दुसऱ्या सामन्याला एक चषक ठेवला होता. अर्जेंटिनाचे माजी राष्ट्राध्यक्ष हुलिओ रोका यांनी तो दिला होता आणि हेतू अगदी आमच्या बैठकीसारखाच होता: शेजाऱ्यांत स्नेह वाढावा. आता या स्नेहाच्या चषकाचं पुढं काय झालं ते बघा. 1939 च्या जानेवारीत रिओमध्ये याच चषकासाठी सामने होते. पहिल्यात अर्जेंटिनानं ब्राझीलला त्यांच्याच घरात 5-1 असं धुतलं. दुसऱ्यात 2-2 अशी बरोबरी असताना पंचानं ब्राझीलला पेनल्टी दिली, अर्जेंटिनाचा एक खेळाडू पंचावर तुटून पडला, पोलीस मैदानात शिरले आणि अर्जेंटिनाचा अख्खा संघ तणतणत निघून गेला. तरी पेनल्टी मारली गेलीच. गोलमध्ये कुणी नाही, समोर कुणी नाही, बॉल ठेवला आणि रिकाम्या जाळीत मारला. 3-2. ब्राझील विजयी.

आमच्याकडं एकाचा दात पडला एवढंच. रिकाम्या गोलात पेनल्टी अजून कुणी मारलेली नाही.

या दोघांचं एवढं का फाटतं, हे मोंढ्यात बसणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बांधाला बांध लागलाय. दोघांची सीमा सुमारे 1,260 किलोमीटरची, आणि इग्वासूचा प्रचंड धबधबा त्या बांधावरच कोसळतो. फुटबॉल यायच्या कितीतरी आधी, 1825 ते 1828, हे दोघे जमिनीच्या एका पट्ट्यासाठी लढाईसुद्धा लढले. तीन वर्षं लढून पट्टा दोघांपैकी कुणालाच मिळाला नाही, तिथं तिसराच देश उभा राहिला, उरुग्वे. भावाभावांच्या वाटणीत वकिलाला शेत जावं तसं. गंमत पुढंच आहे. याच उरुग्वेनं 1930 च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला 4-2 नं हरवलं, आणि 1950 ला रिओच्या माराकानावर, जवळपास दोन लाख लोकांसमोर, ब्राझीलला 2-1 नं हरवून दुसऱ्यांदा जग जिंकलं. ज्या तुकड्यासाठी भांडले त्या तुकड्यानंच दोघांना आळीपाळीनं पाणी पाजलं. भाऊबंदकीचं एवढं चोख फळ मी आमच्या तहसीलमध्येही पाहिलेलं नाही.

आणि आमच्यासारखाच यांचा नोंदींचा घोळ. आजवर कुणी किती सामने जिंकले, यावर दोन्ही देशांच्या फुटबॉल संघटनांचे आकडे जुळत नाहीत. जुने काही सामने एक जण धरतो, दुसरा धरत नाही. सातबारा एक सांगतो आणि मोजणी दुसरंच.

बैठकीत ज्यांनी सामना बंद करण्याची बाजू मांडली, त्यांच्या मुद्द्याला सगळ्यात जवळ जाणारं उदाहरण 1946 चं आहे. ते मीच सांगतो, कारण ते लपवून वाद घालणं बरं नव्हे. 1945 च्या डिसेंबरात, त्याच रोका चषकाच्या एका सामन्यात, ब्राझीलच्या आदेमीरशी झालेल्या टकरीत अर्जेंटिनाच्या बातालिएरोचा पाय मोडला. दोन महिन्यांत, 10 फेब्रुवारी 1946 ला, दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेचा निर्णायक सामना ब्वेनोस आयरेसच्या मोन्युमेंताल मैदानावर होता. वातावरण आधीच तापलेलं. बॉलवर झेपावताना ब्राझीलच्या जाइरशी टक्कर झाली आणि अर्जेंटिनाचा कप्तान सालोमोन याच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. मग खेळाडू एकमेकांवर, पोलीस खेळाडूंवर, प्रेक्षक मैदानात. बऱ्याच वेळानं सामना पुन्हा सुरू झाला आणि अर्जेंटिनानं तो 2-0 नं जिंकला. सालोमोन त्यानंतर देशासाठी पुन्हा कधीच खेळला नाही.

मग दोन्ही देशांनी तेच केलं जे आमच्या बैठकीनं सुचवलंय. खेळणं बंद. 1956 पर्यंत, म्हणजे तब्बल दहा वर्षं, अर्जेंटिना आणि ब्राझील समोरासमोर आलेच नाहीत.

त्या दहा वर्षांत वैर मिटलं का? तसूभरही नाही. ब्राझीलमध्ये विश्वचषक झाला तरी अर्जेंटिनाचा संघ तिकडं फिरकला नाही. कटुता होती तिथंच राहिली, फक्त तिला बाहेर पडायला वाट राहिली नाही. आपल्याकडं लग्नकार्यात दोन चुलतभावांचं वाजतं आणि मग दहा-दहा वर्षं एकमेकांच्या दारात पाऊल नसतं. त्याला आपण 'भांडण मिटलं' म्हणत नाही, 'अबोला आहे' म्हणतो. भांडताना माणूस निदान समोर तरी उभा असतो. अबोल्यात दोघांकडं आपापली एकेक गोष्ट असते आणि ती दरवर्षी थोडी फुगत जाते. तिसऱ्या पिढीला मूळ कारण विचारलं तर म्हातारी म्हणते, "त्यांनी आपल्या बैलाला विहिरीवर येऊ दिलं नव्हतं." त्या विहिरीला पाणी तरी होतं का, हे विचारायला कुणी उरलेलं नसतं.

स्टेशनाकडचं आणि मोंढ्याचं नेमकं हेच होईल, अशी मला धास्ती आहे. आज निदान दात कुणाचा पडला, कुणाच्या कोपरानं पडला, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याचा पडला तो आणि ज्यानं पाडला तो, दोघंही माझ्याकडं उधारीवर खत नेणाऱ्यांची पोरं. दोघांनाही ठाऊक आहे की ते मुद्दाम झालं नव्हतं. सामना बंद केला की पाच वर्षांत त्या एका दाताचे चार दात होतील.

'एकता' आणि 'बंधुता'बद्दल थोडं रागानंच लिहितो. बारा-तेरा वर्षांची पोरं वर्षभर याच सामन्याची वाट बघतात, आणि कारण एवढंच की समोर *ते* असतात. समोरच्या संघात आपलीच अर्धी पोरं घातली तर सामना उरतो, पण चव उरत नाही. जत्रेच्या फडात हे फार चांगलं कळतं. आमच्याकडं जत्रेत आधी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. ती पोरं रेवडीसाठी जीव तोडून लढतात. शेवटी मोठी जोड लागते, हलगी कडाडते, आणि कधीकधी दोन नामांकित पैलवान आधीच ठरवून आलेले असतात. वीस मिनिटं नुसते हात झटकायचे, गळ्याला गळा लावायचा, पंचानं कुस्ती बरोबरीत सोडवायची आणि इनाम अर्धं-अर्धं. नुरा कुस्ती. बांधावर बसलेलं म्हातारं पहिल्या मिनिटात ओळखतं आणि धोतर झटकून उठतं. रेवडीची कुस्ती मात्र तेच म्हातारं शेवटपर्यंत बघतं.

मैत्रीपूर्ण सामना म्हणजे रेवडीची कुस्ती. फिफाच्या क्रमवारीचा हिशेब बघितला तर ते आकड्यातही दिसतं: विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपासून पुढच्या सामन्याचं वजन 60, पात्रता फेरीच्या सामन्याचं 25, आणि ठरलेल्या तारखांमधल्या मैत्रीपूर्ण सामन्याचं जेमतेम 10. दहा म्हणजे रेवडीच. त्यात जीव ओतायचा की नुरा करायची, हे लढणाऱ्यांवर असतं, आणि त्याहून जास्त फड कुठं लावलाय यावर.

फड कुठं लावतात, यावर माझी खरी तक्रार आहे, आणि ती आमच्या बैठकीवर नाही, त्या दोन देशांवर आहे. 2010 पासून या दोघांचे मैत्रीपूर्ण सामने कुठं कुठं झाले ते बघा. 2010 ला दोहा. 2012 च्या जूनमध्ये अमेरिकेतलं न्यू जर्सी, अर्जेंटिनाच्या मेस्सीचे तीन गोल, 4-3. 2014 ला बीजिंग. 2017 ला मेलबर्न, क्रिकेटच्या मैदानावर पंचाण्णव हजारांहून अधिक लोक, आणि ब्राझीलचा नेमार आलाच नव्हता, त्याला विश्रांती दिलेली. 2018 ला जेद्दा, 2019 ला रियाध. शेजाऱ्याशी भांडायला यांनी अर्धी पृथ्वी पार केली. का, तर तिकडं भाडं चांगलं मिळतं. वैर यांचं, मैदान तिसऱ्याचं, आणि गल्ला चौथ्याचा.

मी काही पैशाला नावं ठेवणारा माणूस नाही, दुकानदार आहे. पण वैर हा माल असा आहे की तो त्याच्या मातीतून उपटून बाजारात नेला की दुपारपर्यंत सुकतो. मेलबर्नला हरलं म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाला कुणाच्या तोंडाकडं बघायला लाज वाटणार आहे? विमान पकडलं, संपलं. 2022 च्या जूनमध्ये पुन्हा मेलबर्नलाच सामना ठरला होता, तो अर्जेंटिनानं रद्द केला, आणि कुणाचं काही अडलं नाही. ज्याच्या रद्द होण्यानं कुणाच्या घरात भाकरी कडू होत नाही, त्याला काय वैर म्हणायचं?

याउलट 2011-12 मध्ये दोघांनी एक बरा प्रयोग केला होता. वर्षाला दोन सामने, एक तुझ्या घरी, एक माझ्या, आणि संघात फक्त या दोन देशांतल्याच क्लबांत खेळणारी पोरं. मोठी नावं नाहीत, युरोपातून विमानं नाहीत. 3 ऑक्टोबर 2012 ला दुसरा सामना अर्जेंटिनाच्या उत्तरेकडच्या रेसिस्तेन्सिया नावाच्या शहरात होता. राजधानी सोडून आपल्याकडं राष्ट्रीय संघ येणार म्हणून लोक हरखलेले. संघ मैदानात आले, राष्ट्रगीतं झाली, आणि लाइट गेली. फ्लडलाइटचा एक भाग काही केल्या पेटेना. वाट बघितली, बघितली आणि शेवटी सामना रद्द.

हे वाचलं तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो होतो. रब्बीत रात्रपाळीची लाइट येणार म्हणून मोटारीपाशी जाऊन बसायचं आणि ती यायचीच नाही, हे ज्यानं काढलंय त्याला रेसिस्तेन्सियाच्या माणसाचं दुःख कुणी समजावून सांगायची गरज नाही. तो सामना मग नोव्हेंबरात ब्वेनोस आयरेसमध्येच, बोंबोनेरा मैदानावर झाला. अर्जेंटिना 2-1 नं जिंकली, पण पेनल्टीवर चषक ब्राझीलनं नेला. त्यानंतरचे मैत्रीपूर्ण सामने बीजिंग, मेलबर्न, जेद्दा, रियाध. लाइट नीट बसवण्यापेक्षा गावच बदलणं त्यांना सोपं वाटलं असावं.

आता कुणी विचारील, आणि बैठकीत एकानं विचारलंच, की हे सगळं ठीक, पण आपला काय संबंध? मराठवाड्यातल्या पोरांनी अर्जेंटिना-ब्राझील म्हणून एकमेकांचे दात पाडायचे, हे उसनं वैर नाही का?

संबंधाचं आधी सांगतो. या दोन देशांशी आमचं नातं टी-शर्टच्या कितीतरी आधी मोंढ्यातल्या काट्यावर जुळलंय. जगात सगळ्यात जास्त सोयाबीन ब्राझील पिकवतो आणि सोयाबीनचं तेल आणि पेंड सगळ्यात जास्त विकतो अर्जेंटिना. आपल्या देशात बाहेरून येणारं सोयातेल प्रामुख्यानं याच दोघांकडून येतं. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि लातूरच्या बाजारात माल त्याच्या खाली विकला जात होता. त्याला कारणं बरीच, पण तिकडं पीक उदंड आलं की इकडं भाव बसतो, हे आता अंगठाछाप शेतकऱ्यालाही माहीत आहे. तेव्हा खरं म्हणाल तर आमच्या पोरांनी दोन्ही टी-शर्टांवर बहिष्कारच घालायला हवा! एकदा हे मी पोरांना सांगितलं. स्टेशनाकडचा गोलकीपर म्हणाला, "काका, मग आमाला कुणाचं खेळायचं? सोयाबीन कुठंच नाही पिकत असा देश सांगा." मला सांगता आला नाही.

दुसरे एक जण म्हणाले, "फुटबॉल आपला खेळच नाही, कोल्हापूरकरांचा." कोल्हापूरच्या पेठापेठांत फुटबॉल आहे, खरंच आहे, मान्य. पण मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि त्या काळी देशातलं सगळ्यात देखणं फुटबॉल हैदराबादेतच खेळलं जायचं. हैदराबाद पोलिसांच्या संघानं 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पुढं भारताचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या हाताखाली भारतानं 1951 आणि 1962 ला आशियाई सुवर्णपदक जिंकलं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्यानं, 1 डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 नं हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली. प्रशिक्षक रहीम, म्हणजे आपण सोडलेल्या राज्यातले. तीन गोल नेव्हिल डिसूझाचे, जो मुंबईच्या मैदानांवर खेळायचा, म्हणजे आपण गेलो त्या राज्यातला. दोन्हीकडं फुटबॉल होतं, मधल्या आम्हालाच तेवढं लागलं नाही. तेव्हा 'आपला खेळ नाही' असं मुक्तिसंग्राम दिनाच्या बैठकीत तरी म्हणू नये.

राहिलं उसनं वैर. यावर मी पुष्कळ विचार केला आणि माझं मत उलटं झालं. आधी मलाही हे पोरखेळ वाटायचे. 11 जुलै 2021 ची गोष्ट. दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या कोपा अमेरिका स्पर्धेचा अंतिम सामना, अर्जेंटिना-ब्राझील, रिओच्या माराकानावर. आपल्याकडं पहाटेचे साडेपाच. कोरोनाचे दिवस, शनिवार-रविवार बाजार बंद. दोन्हीकडची मिळून दहा-बारा पोरं आदल्या रात्री दारात आली, "काका, दुकानाचं शटर अर्धं वर करा, आत बसून बघतो." घरी टीव्ही लावला तर आई मारते म्हणे. मी केलं. पेरण्या उरकल्या होत्या, सोयाबीनच्या शेवटच्या काही बॅगा राहिल्या होत्या, त्यांवर ती बसली. मोंढ्याची युरियाच्या थप्पीला टेकून, स्टेशनाची दाराकडं. मोबाईल ठेवायला जागा नव्हती म्हणून एकानं तो इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभा केला. सामना होईस्तोवर काट्याचे लाल आकडे 0.205 दाखवत होते.

बाविसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या दे पॉलनं लांबून बॉल टाकला, ब्राझीलच्या लोदीकडून तो हुकला आणि दी मारियानं गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचलला. मोंढ्याकडची पोरं उडाली तशी एक बॅग फुटली आणि सोयाबीन जमिनीवर पसरलं. स्टेशनाकडचं एक पोरगं काही न बोलता ते हातानं गोळा करायला लागलं. त्यानं दुसरा अर्धा वेळ बराचसा सोयाबीन वेचण्यातच घालवला, तेवढंच बघायला नको. 1-0 नं संपलं. अर्जेंटिनाला 28 वर्षांनी मोठा चषक मिळाला. मेस्सी गुडघ्यावर बसला, नेमार रडायला लागला.

"काका, रडायलाय नेमार," तो सोयाबीनवाला म्हणाला.

थोड्या वेळानं मेस्सीनं नेमारला मिठीत घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. नंतर फोटो आले, दोघं मैदानाखालच्या पायऱ्यांवर बसून खिदळतायत. दुकानात मात्र मिठी वगैरे काही झाली नाही. मोंढ्याच्या पोरांनी यथेच्छ चिडवलं, स्टेशनाच्यांनी आयमायवर शिव्या दिल्या, मी दोघांनाही दम भरला. मग शटर खाली ओढायला तेच दोघं पुढं आले जे सगळ्यात मोठ्यानं भांडत होते, आणि एकाच मोटारसायकलवर गेले, कारण दुसऱ्याच्या गाडीत पेट्रोल नव्हतं.

तेव्हा मला दिसलं ते हे. रियाधला जे झालं त्यात नावं खरी होती, पण वैर भाड्याचं. माझ्या दुकानात नावं उसनी होती, पण वैर अस्सल होतं, कारण ती पोरं दुसऱ्या दिवशी त्याच नळावर, त्याच एसटीत, त्याच वर्गात एकमेकांना भेटणार होती. ज्याला उद्या भेटायचंय त्याला माणूस आज बेतानंच मारतो. आणि ज्याच्याशी भेटच नाही, त्याच्याबद्दल मनात काहीही वाढू देतो. अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या सरकारांना हे फुटबॉलवाल्यांपेक्षा लवकर कळलं म्हणायचं. एकेकाळी दोघांचेही अणुकार्यक्रम एकमेकांकडं डोळे वटारून चालले होते. 1991 मध्ये दोघांनी मिळून एक संस्था काढली, आणि आजतागायत एकमेकांच्या अणुप्रकल्पांत जाऊन तपासणी करतात. ये, बघ, काही लपवलेलं नाही. ज्या देशांनी अणुभट्टीचं दार एकमेकांना उघडून दाखवलं, त्यांना एक मैत्रीपूर्ण सामना आपल्या अंगणात घ्यायला जड जातो, हे मला काही केल्या पटत नाही.

आमच्या बैठकीनं ऐकावं असं एक उदाहरण याच वैरातलं, अगदी अलीकडचं आहे. 21 नोव्हेंबर 2023, माराकाना, विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना. पाहुण्यांच्या प्रेक्षकांना वेगळा भाग दिलाच नव्हता. दोन्हीकडचे लोक एकाच गॅलरीत मिसळून बसवले. राष्ट्रगीताला हुल्लड झाली, खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अर्जेंटिनाचे खेळाडू गॅलरीपाशी धावले आणि मग ड्रेसिंगरूममध्ये निघून गेले. जवळपास अर्ध्या तासानं सामना सुरू झाला. अर्जेंटिनाच्या ओतामेन्दीच्या डोक्यानं गोल झाला आणि पात्रता फेरीत ब्राझील पहिल्यांदाच स्वतःच्या घरी हरला. दोष वैराचा होता? मला तरी तो मिसळून बसवणाऱ्यांचा दिसतो. सोळा महिन्यांनी, मार्च 2025 मध्ये, ब्राझीलच्या राफिन्यानं सामन्याआधी 'मैदानातही ठोकू, बाहेरही ठोकू' छापाची भाषा केली. अर्जेंटिनानं ब्वेनोस आयरेसमध्ये 4-1 असं उत्तर दिलं. बोलणाऱ्याचं तोंड बंद झालं, कुणाचा पाय मोडला नाही, सामना नव्वद मिनिटं चालला. तयारी नीट असेल तर एवढं सगळं वैर नव्वद मिनिटांत मावतं.

तेव्हा पुन्हा बैठकीकडं येतो. गेल्या वर्षी आमच्याकडं काय चुकलं? पंच गावचाच होता आणि त्याची बहीण स्टेशनाकडं दिलेली. मैदानाला दोरी नव्हती, त्यामुळं प्रेक्षक पुढं सरकत सरकत साइडलाइनच्या आत आले होते. पावसानं फक्कीच्या पांढऱ्या रेषा वाहून गेल्या होत्या आणि बॉल बाहेर गेला की नाही हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवत होता. काळ्या मातीचा चिखल, पोरांच्या पायात घसरणारे बूट, कुणाकुणाच्या तर नुसत्या चपला. अशा मैदानावर 'एकता' आणि 'बंधुता' जरी उतरवल्या तरी दात पडणारच.

मी माझ्याकडून फक्कीची दोन पोती बाजूला काढून ठेवली आहेत. नायलॉनची दोरीही देतो, दुकानात आहे, सामना झाला की परत द्यावी. पंच परभणीहून किंवा निदान शेजारच्या तालुक्यातून आणावा, त्याचं येणं-जाणं वर्गणीतून. मामा लोकांना दोरीच्या पलीकडं बसवावं, आणि दोन्हीकडचे मामा वेगवेगळ्या बाजूंना. सामना चारला नाही, तीनला सुरू करावा, म्हणजे ऊन असताना संपेल. लाइटचा भरवसा तुम्हाला माहीत आहे. आणि बॅनर छापून यायच्या आत एकदा विचारून घ्या: मोंढ्याच्या संघाला यंदा गोलकीपर नाही. गेल्या वर्षीचा पुण्याला कंपनीत लागला. स्टेशनाकडं दोन आहेत, एक उसना देतात का बघतो.